आधी काडतूस

१९३२ साली जॉन गॅरँडची रायफल जवळजवळ तयार होती. कॅनडात जन्मलेला हा माणूस १९१९ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड आर्मरीत काम करत होता. रिकामी पुंगळी स्वतःच बाहेर टाकून पुढचं काडतूस स्वतःच आत घेणारी रायफल साध्या शिपायाच्या हाती द्यायची, हा त्याचा ध्यास होता. रायफल .२७६ इंचाच्या नव्या, छोट्या काडतुसासाठी आखलेली होती. चाचण्या झाल्या, पसंतीही मिळाली. मग लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ते काडतूस नाकारलं. रायफलीत खोट निघाली नव्हती. पण कोठारांत .३० कॅलिबरच्या काडतुसांचे साठे होते, मशीनगन त्यांच्यावरच चालत, आणि मंदीच्या दिवसांत सगळा पसारा बदलणं झेपणारं नव्हतं. गॅरँडने आपली रायफल १९०६ सालच्या जुन्या, दणकट काडतुसाभोवती पुन्हा बेतली. दहा काडतुसांची क्लिप आठावर आली. १९३६ मध्ये एम-१ या नावाने ती सैन्यात दाखल झाली.

त्याआधीही एकदा त्याच्यावर अशीच वेळ आली होती. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी असते, तिला प्राइमर म्हणतात. बार उडताना तो किंचित मागे सरकतो, आणि त्या सरकण्यावरच गॅरँडने पहिल्या आराखड्यात नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट उघडायची युक्ती बसवली होती. पुढे सैन्याने दारू बदलली, प्राइमर पुंगळीत दाबून पक्का करायला सुरुवात केली, आणि वर्षांची मेहनत बाद झाली. तेव्हा तो दारूच्या वायूकडे वळला.

ही हकीकत मला इतकी महत्त्वाची वाटते, कारण आज नेमकं उलटं झालं आहे. पन्नास लाखांहून अधिक एम-१ रायफली बनल्या. त्यांतल्या कितीतरी अजून ठणठणीत आहेत. ज्या काडतुसापायी त्यांची मापं ठरली, ते सैनिकी काडतूस मात्र कोठारांतून संपत आलं आहे. शिकारीच्या दुकानात .३०-०६ नावाचं काडतूस आजही मिळतं, पण त्याची दारू, त्याची गोळी आणि त्याचा प्राइमर हरणाच्या शिकारीसाठी आणि हाताने बोल्ट ओढायच्या बंदुकीसाठी निवडलेले असतात. म्हणून जुनी रायफल चालवणारे कितीतरी जण तिचं काडतूस स्वतः भरतात.

मी धातुशास्त्र शिकले पुण्यात आणि आयुष्य काढलं ओहायोत. या कामाकडे मी बंदुकीच्या वाटेने आले नाही, तुटलेल्या पितळेच्या वाटेने आले. आमच्या गल्लीत एक निवृत्त साचेकारागीर राहत. ऐन विशीत ते कोरियाच्या युद्धात होते आणि त्यांच्या हाती हीच रायफल होती. एकदा त्यांनी मला दोन तुकडे आणून दिले. पुंगळीचं बूड वेगळं, धड वेगळं. “हे का झालं ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले, “पण तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते कसं दिसतं ते मला बघायचंय.” मी तो तुकडा कापला, घासला, आम्लात बुडवला आणि त्यांना दाखवला. बुडापासून थोडं वर, जिथे जाड तळ संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे पितळ ताणून ताणून कागदासारखं झालं होतं. मग त्यांनी मला त्यांच्या तळघरात नेलं आणि ते तसं होऊ नये म्हणून काय करतात ते दाखवलं. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या हातांना त्यांचीच सवय लागली आहे.

हाताने बोल्ट ओढायच्या बंदुकीत गोळी सुटते, दाब पूर्ण उतरतो, आणि मग माणूस सावकाश पुंगळी काढतो. एम-१ ला एवढी उसंत नाही. नळीच्या तोंडापासून दीडेक इंच अलीकडे तळाला एक बारीक भोक आहे. गोळी ते ओलांडून बाहेर पडेपर्यंतच्या निमिषात थोडा वायू त्या भोकातून खाली उतरतो आणि एका लांब, वाकड्या दांड्याला मागे ढकलतो. दांडा बोल्टला फिरवतो, बोल्ट मागे येतो, पुंगळी ओढून बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे जाताना पुढचं काडतूस कोंबतो. पुंगळीत तेव्हाही थोडा दाब शिल्लक असतो, तिच्या भिंती काडतूस बसतं त्या चेंबरला अजून टेकलेल्या असतात. चेंबर सैनिकी आहे, चिखल आणि बर्फ गृहीत धरून जरा सैल ठेवलेलं. म्हणून याच पितळेला इथे जास्त सोसावं लागतं. शिकाऱ्याच्या बंदुकीत जी पुंगळी सहज पुन्हा पुन्हा भरता येते, ती इथे चार-पाच वेळांत म्हातारी होते.

तो वाकडा दांडा हे या रायफलीचं सगळ्यांत नाजूक अंग. दारूचा जळण्याचा वेग इथे जीवावर येतो. फार जलद जळणारी दारू चेंबरमध्येच दाब शिगेला नेते, हे कुणालाही चटकन पटतं. उलट बाजू मात्र नवख्यांच्या लक्षात येत नाही. दारू फार सावकाश जळणारी असली, तर चेंबरमधला दाब सभ्य दिसतो, पण गोळी भोकापाशी पोचते तेव्हाही मागे बराच वायू जोर धरून असतो. तो जोर दांड्यावर पडतो. दांडा वाकतो, बोल्ट ठरल्यापेक्षा वेगाने मागे आदळतो. जड गोळी घेतली की हेच आणखी वाढतं. म्हणजे जी काडतुसं पेटीवर ‘अधिक शक्तिशाली’ म्हणून विकली जातात, तीच या रायफलीची सगळ्यांत मोठी शत्रू. तिला १५० ग्रेनच्या आसपासची गोळी आणि मध्यम वेगाची दारू लागते, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सैन्याने एम-२ बॉल हे काडतूस तसंच ठरवलं होतं. आयएमआर ४८९५ ही ड्यूपाँटची दारू त्याच काडतुसासाठी आली. युद्ध संपल्यावर तिचे ढीगच्या ढीग उरले. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी ती सरकारी दारू विकत घेतली, रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवली आणि सुट्या ग्राहकांना विकायला काढली. अमेरिकेतल्या घरोघरच्या काडतूस-भरणीला त्या स्वस्त दारूने मोठा हात दिला. युद्धातून उरलेल्या रायफलीला युद्धातूनच उरलेली दारू मिळाली.

किती दारू घालायची ते मी इथे लिहिणार नाही, कुणी विचारलं तरी तोंडी सांगत नाही. आकडा छापील पुस्तकातून घ्यायचा, तोही अर्धस्वयंचलित रायफलीसाठी वेगळ्या दिलेल्या पानावरून, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून करायची. हे म्हाताऱ्या शेजाऱ्यांचं म्हणणं होतं आणि मला त्यात आजवर काही सुधारण्याजोगं सापडलेलं नाही. वजन ग्रेनमध्ये होतं. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. माझा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे गुंजेचा विसावा हिस्सा. आमच्या घराण्यात सोनार कुणी नव्हतं, पण दारू तोलताना श्वास धरून काट्याकडे बघायची ती बैठक त्यांचीच. या दारूची एक खूण मला फार आवडते: चुकून दुप्पट पडली तर ती या पुंगळीत मावत नाही, वरून सांडते. दारू भरलेल्या सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून विजेरीच्या उजेडात एकेकीत डोकावल्याशिवाय मी वर गोळी बसवत नाही.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यामुळे मला या कामाबद्दल लिहावंसं वाटलं. या रायफलीची प्राइमरवर आदळणारी फायरिंग पिन मोकळी आहे. तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. बोल्ट जवळजवळ पूर्ण फिरेपर्यंत, तो ज्यात सरकतो त्या रिसीव्हरचा एक उंचवटा पिनेच्या शेपटीला अडवून धरतो, म्हणजे बोल्ट बंद व्हायच्या आत ती पुढे जाऊ नये. ही गॅरँडची सोय उत्तम आहे. पण बोल्ट दणक्याने बंद होतो, आणि थांबताना मोकळी पिन आपल्या वेगाने थोडी पुढे सरकते. कुणीही पाहू शकेल: काडतूस आत घ्या, चाप न ओढता बाहेर काढा, प्राइमरवर मोहरीहून लहान खळगा पडलेला दिसेल. प्रत्येक वेळी दिसेल. म्हणजे ही रायफल प्रत्येक काडतुसाला एकदा हलकेच ठोकून बघते, आणि तेवढ्या ठोक्याने पेटायचं नाही ही जबाबदारी काडतूस भरणाऱ्यावर टाकते.

सैन्याचे प्राइमर त्या हिशेबानेच जरा निबर असत. बाजारातले काही प्राइमर मुद्दाम हळवे बनवतात, कारण थंडीत शिकाऱ्याची बंदूक हमखास उडायला हवी. तो हळवेपणा इथे घात करतो. म्हणून सैनिकी संवेदनशीलतेचे वेगळे प्राइमर मिळतात, आणि मी तेच वापरते. पण प्राइमर योग्य असूनही तो पुंगळीच्या बुडाबाहेर केसभर जरी डोकावत राहिला, तरी बोल्टचा सपाट चेहराच त्याच्यावर आपटतो. किंवा पुंगळी मापावर आणणाऱ्या डायमध्ये पुरेशी मागे दाबली गेली नाही, तिचा खांदा थोडा पुढे राहिला, तर बोल्ट पूर्ण फिरायच्या आधीच अडकतो, आणि बोल्ट अर्धवट बंद असतानाच बार उडू शकतो. तसं झालं तर दर चौरस इंचाला ५०,००० पौंडांच्या घरातला दाब नळीच्या दिशेने न जाता माणसाच्या चेहऱ्याच्या दिशेने वाट शोधतो. फाटलेले रिसीव्हर मी तपासले आहेत. फुटीचा पृष्ठभाग खोटं बोलत नाही: पोलाद चांगलं होतं, उष्णतोपचार चांगला होता, त्याच्यापर्यंत जायलाच नको होता असा दाब गेला होता.

त्यामुळे माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून तर्जनी फिरते. प्राइमर बुडाच्या किंचित आत बोटाला लागला पाहिजे. डोळ्यापेक्षा बोटाचा विश्वास जास्त. मग प्रत्येक काडतूस पोलादी गेजमध्ये टाकते. गेजच्या टोकाला दोन पायऱ्या असतात आणि बूड त्या दोहोंच्या मधेच बसलं पाहिजे. पुंगळीची लांबी २.४९४ इंचांच्या वर गेली असेल तर मान छाटायची, नाहीतर ती चेंबरच्या कडेत चेपून गोळीला घट्ट पकडते आणि दाब चढतो. भरून झालेलं काडतूस एकेक सुटं चेंबरमध्ये टाकून वरून बोल्ट सोडायचा नाही. क्लिपमधून वर येताना घर्षणाने बोल्टचा वेग कमी होतो, सुट्या काडतुसावर तो पूर्ण वेगाने येतो.

पितळेबद्दल बोलायला लागले की मला थांबवावं लागतं, पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचं मूळ आपल्याकडे आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ठोकून, ओढून ते कडक होतं आणि आत ताण दडून राहतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांच्या लक्षात आलं, की पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडतात. पावसाळा संपेपर्यंत दारूगोळा तबेल्यांत ठेवत, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून पितळेपर्यंत पोचे. आतला ताण आणि बाहेरचा अमोनिया एकत्र आले की पितळ दाण्यादाण्यांच्या शिवणीवर उसवतं. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. उपाय साधा: पुंगळीची मान तापवून ताण काढून टाकायचा. सैनिकी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तांबूस छटा दिसते ती त्या आचेची. पुण्यात शिकताना हा धडा मी परीक्षेपुरता वाचला होता. ओहायोच्या तळघरात तो रोजच्या कामाचा झाला. भांडी चकचकीत करायचं अमोनियावालं पॉलिश पुंगळ्यांना कधी लावायचं नाही, हा नियम इथले जुनेजाणते सांगतात. त्यांना त्यामागचा पावसाळा मी सांगितला.

आमच्या नेमबाजीच्या क्लबमधल्या एकाच्या डब्यात .३०३ च्या रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग होता. त्यांतल्या एकीच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरं दिसली. ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. १८६९ पासूनचा तो कारखाना, ज्याच्या परिसरातून माझी कॉलेजची बस जायची. १९४४ साली इटलीत मराठा पलटणीच्या जवानांच्या हाती ली-एन्फिल्ड होती, ही .३०३ ची काडतुसं भरलेली, प्रत्येक बाराला बोल्ट हाताने ओढायची. त्याच मोहिमेत अमेरिकन शिपायाच्या हाती एम-१ होती. ती खडकीची पुंगळी मला क्लबमधल्या त्या माणसाने देऊन टाकली, कारण ती पुन्हा भरण्यातली नव्हती: बुडात एकाऐवजी दोन बारीक भोकं, बर्डन पद्धतीची. बर्डन हा अमेरिकन, पण त्याची पद्धत युरोपात रुजली, आणि बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची मधोमध एक भोक असलेली पद्धत अमेरिकेत. घरगुती काडतूस-भरणी अमेरिकेत इतकी फोफावली त्याचं एक कारण ते एक भोक आहे. मधल्या भोकातून सुई घालून जुना प्राइमर सहज ढकलता येतो.

आई इथे आली होती तेव्हा नवरात्र होतं. तळघरातलं प्रेस, कॅलिपर, काटा तिने पाहिला. रायफलीचं कुलूपबंद कपाटही पाहिलं.

“अगं, मुलाबाळांचं घर, तिथे हे कशाला?” तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. किल्ली कुठे असते, दारू कुठे, प्राइमर दारूपासून दूर का ठेवते, एका वेळी टेबलावर एकच दारूचा डबा का असतो. तिने ऐकून घेतलं. खंडेनवमीला तिने काट्याला आणि कॅलिपरला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. कपाटाकडे ती गेली नाही. मीही तिला आग्रह केला नाही. तिचं न जाणं मला बरोबर वाटलं. या रायफलीने माणसं मारली आहेत, त्यासाठीच ती बनली होती. या देशात आजही बंदुकीने रोज घरं उजाड होतात, आणि माझी बंदूक जुनी आहे, कागदावर चालते, असं म्हणून मला त्यातून सुटून जायचं नाही. म्हणूनच कपाटाची किल्ली आणि तर्जनीची सवय या दोन्ही गोष्टी मला सारख्याच गंभीर वाटतात.

खराब पुंगळी ओळखायला वाकवलेली बारीक तार पुरते. टोकाला आकडा करून ती आत सोडायची आणि भिंतीवरून वर ओढायची. बुडाजवळ जर ती कुठे अडखळली, तर आतून खाच पडायला सुरुवात झाली आहे. बाहेरून बहुतेक वेळा काही दिसत नाही. फार तर एक उजळ कडी दिसते. अशी पुंगळी मी तिथल्या तिथे पक्कडीने चेपते. नुसती डब्यात टाकून चालत नाही, कारण पितळ चकाकत असतं आणि कुणीतरी ते चांगलं समजून उचलतं. प्रत्येक गठ्ठ्याची वही आहे: कोणत्या साली, कोणत्या कारखान्याचं पितळ, कितव्यांदा भरलं, दारूच्या डब्यावरचा क्रमांक. वहीत पाचव्या भरणीची खूण पडली की पुंगळी तपासणीत पास झाली तरी बाद. यावर क्लबात माझे वाद होतात. पितळ महाग आहे, सहाव्यांदाही चालेल, असं म्हणणारे आहेत, आणि बहुतेक वेळा चालेलही. पण त्या ‘बहुतेक’चे तुकडे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत.

एरी सरोवराच्या काठी कँप पेरी आहे. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. गॅरँडच्या नावाची स्पर्धा तिथे २०० यार्डांवर होते. शेकडो एम-१ एका ओळीत, आणि आठवं काडतूस उडालं की रिकामी क्लिप उडून पडताना होणारा तो किणकिणाट सगळीकडून. तिथे दर वर्षी कुणीतरी मला विचारतं, की या रायफली आता संग्रहालयात ठेवून द्यायला नकोत का. स्प्रिंगफिल्ड आर्मरी १९६८ मध्ये बंद झाली, आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. कवी लाँगफेलो १८४३ मध्ये तिथे आला होता आणि मांडणीतल्या बंदुका पाहून त्याने युद्धाविरुद्ध कविता लिहिली. ती मांडणी मी पाहिली आहे, आणि शस्त्रं तिथे पाहिलेली उत्तम, हे मला मान्य आहे. पण गॅरँडने जे केलं ते काचेमागे दिसत नाही. दांडा, बोल्ट, स्प्रिंग, क्लिप यांचा एकमेकांशी जमलेला ताल हा चालतानाच कळतो, आणि ती चालली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. फक्त तिला तिचं काडतूस मिळालं पाहिजे. त्यातही मी थोडं खालीच राहते. रायफलींचं वय ऐंशीच्या घरात आहे, आणि मूळ दांडे आता कुणी बनवत नाही. माझ्या गोळीचा वेग १९४० च्या सैनिकी काडतुसाहून जरा कमी असतो, आणि २०० यार्डांवरच्या कागदाला तेवढा पुरतो.